शब्दचर्चा: हेलिकॉप्टरच्या 'लिफ्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

— मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरवर मराठीत तक्ता लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. लिफ्ट, म्हणजे हवेत वर उचलणारं बल, पण तसं लिहिलं तर लोकांना बिल्डिंगमधली आठवणार, उत्थापन लिहिलं तर आई विचारते नवरात्रातले घट उठवायचेत का. साधा काही शब्द?

— 'उचल' घ्या की.

— आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून आगाऊ घेतात ते पैसे 😀 'हेलिकॉप्टरला उचल मिळते' वाचून गावात हसतील. पण क्रियापद बदललं तर जमतंय, भावना जशी उचल खाते तसं पाती जोरात फिरली की हेलिकॉप्टर उचल खातं.

— उचल मलाही पटला, फक्त कृपा करून 'तरंगतं' लिहू नका, पेपरवाले सर्रास लिहितात आणि डोकं फिरतं. तरंगतो तो गॅसचा फुगा, त्याला काही करावं लागत नाही, भोवतालची जड हवाच त्याला वर ढकलते, ते प्लावक बल. हेलिकॉप्टरला हवा सतत खाली लोटावी लागते म्हणून हवा त्याला वर लोटते, लोटणं कमी पडलं की आलंच खाली. मंगळावरचं नासाचं छोटं हेलिकॉप्टर इंजेन्युइटी बघा, 19 एप्रिल 2021 ला पहिल्यांदा उडालं, जेमतेम 1.8 किलोचं, पण तिथली हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याएवढीच दाट, म्हणजे लोटायला हवाच नाही, म्हणून 1.2 मीटरची पाती मिनिटाला 2400 च्या वर फिरवावी लागली.

— मस्त. आता मुलगी विचारतेय मधमाशीलाही उचलच का, तिचे पंख तर गोल फिरत नाहीत.

— दादा, बल तेच, मग शब्दही तोच. विहिरीत उभ्याने पोहताना आपण हात आडवे मागेपुढे करतो, दर वेळी तळवा तिरका वळवून पाणी खाली दाबतो, मधमाशी तेच हवेत करते, सेकंदाला साधारण 230 वेळा. गंमत पुढे आहे, पंख इतका तिरका धरला तर विमानाची उचल कधीच तुटली असती, पण किड्याच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होतो आणि तो तिथेच चिकटून राहतो, त्याच्यामुळे वरचा दाब कमी होतो आणि जास्तीची उचल मिळते. केंब्रिजच्या एलिंग्टन आणि मंडळींनी 1996 मध्ये मोठ्या पतंग किड्याभोवती धूर सोडून हा भोवरा दाखवला.

— इथे भोवराच लिहा हां, 'आवर्त' नको. नदीतला भोवरा सगळ्यांना माहितीय.

— लिहिलं. आणि हॉवर करण्याला घिरट्या चालेल का?

— अजिबात नाही, घिरट्या घार घालते, गोल गोल. चतुर तळ्यावर थांबतो तसं, 'हवेत जागच्या जागी थांबणं' लिहा, लांबलं तरी लांबू दे.