एकल आईला आधी काय हवं: महिन्याचा पैसा की घरावर नाव?

बालाघाटकर: मावसबहीण बीड जिल्ह्यातली. दाजी गेले आणि चौथ्या महिन्यात दिराने पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलं. शिलाई मशीन आत, पोरांची दप्तरं आत, ही दोन लेकरं घेऊन ओट्यावर. नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलं आणि सासू वारस, हा कायदा १९५६ पासून आहे. घर दाजींच्याच नावावर होतं, पण ग्रामपंचायतीत वारसनोंद कुणी लावलीच नाही. घरकुल मागायला गेली तर म्हणाले, जागेचा उतारा आणा. माझं ठाम मत: मृत्यूचा दाखला देतानाच वारसनोंदीचा अर्ज भरून घ्यावा. आधी नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, नाव, बाकीचं मागून.

अंगणवाडीताई: नाही पटलं. उताऱ्यावर चूल पेटत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळायला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. खुरपणीची २०० रुपये रोजंदारी धरा, १०६व्या दिवशी बाई अटीबाहेर! म्हणजे कामाला गेली तर अपात्र, घरी बसली तर उपाशी. आधी ही अट बदला. नोंदीसाठी भांडायला तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कोण भरणार?

बालाघाटकर: ताई, अटीबद्दल शंभर टक्के बरोबर. पण पंधराशे हातात आले तरी दिराच्या ओट्यावरच बसून खायचे का?

हडपसरचा रिक्षावाला: बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सहावीत. आमच्याकडे ना शेत ना उतारा. अकरा महिन्यांचा करार संपला की दप्तर उचलायचं, शाळा लांब पडते. शहरातल्यांना भाड्याला मदत आणि लांब मुदतीचा करार हवा. आणि बापांनाही धरा. मुलाच्या सांभाळाला सरकारी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील, कुणीही एक पालक असलेलं मूल बसतं, हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नाही.

जुना कार्यकर्ता: नवरा जाईपर्यंत थांबायचंच कशाला? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आमच्या गावातल्या गड्यांनी जिवंतपणी बायकांच्या नावे जमीन केली. घराला दोघांची नावं आजही लावता येतात.

अंगणवाडीताई: दादा, हे मान्य. पण जिचा नवरा गेलाय तिला आज संध्याकाळी पीठ लागतं.

बालाघाटकर: परवा चार माणसांसमोर कुलूप काढलं. मशीनची सुई गंजली होती, तिने ती बदलून त्याच रात्री दोन ब्लाऊज शिवले. वारसनोंदीचा अर्ज सोमवारी देतोय. ताई, निराधारच्या फॉर्मला कागद कोणते लागतात तेवढं लिहा, तोही सोबतच भरतो.