पेटीचा मूळ रंग शक्यतो वाचवा

भाऊ, वडिलांच्या जुन्या हत्यारपेटीचा सगळा रंग खरवडून गंज ॲसिडने घालवायचा, असं तुम्ही म्हणताय. जरा थांबा. भुसावळला माझ्याकडे आजोबांची अशीच पत्र्याची पेटी आहे.

आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. गंज वाटतो त्यातलं बरंचसं जुनं ग्रीस आणि धूळच असते. उरलेल्या गंजाला लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड, सौम्य आम्ल) पुरतं: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. सुटे खण दोन-तीन तास बुडवा, मोठ्या पत्र्यावर भिजलेलं फडकं पसरा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर ओल्या पत्र्यावर पिवळट गंज पुन्हा चढतो. कडी-बिजागरीवर जस्ताचा मुलामा असेल तर तिथे आम्ल अजिबात नको, मुलामाच विरघळतो.

आणि रंग कोरडा घासू नका, ही कळकळीची विनंती. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून वापरा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

रेडऑक्साइड (गंज रोखणारा लाल अस्तर-रंग) मारायचाच असेल तर सकाळी, सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर रंग वरून साय धरतो, आत ओलाच राहतो, मग फुगे येतात.

मी आजोबांनी झाकणावर रंगवलेलं नाव तसंच ठेवलं. त्यावर फक्त मेण चोळलंय.