सोलापूर : नवी पेठेतलं जुनं कापड दुकान चालू ठेवावं की जुळे सोलापूरला हलवावं? सल्ला हवा आहे

पेठेतला
नमस्कार मंडळी. आमचं नवी पेठेत साड्या, रेडिमेड आणि शर्टिंग-सुटिंगचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, जागा तेव्हापासून भाड्याची. वडील सत्तरीच्या पुढे गेलेत, पण गल्ल्यावर अजून तेच बसतात. खरेदी, हिशेब, गिऱ्हाईक मी बघतो. कामाला दोन माणसं, त्यातले एक मामा माझ्या जन्माआधीपासून आहेत.

दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर दुपारी चारपर्यंत भवानी होत नाही असे दिवस आता वरचेवर येतात. आमच्याच ओळीत दोन शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ लिहिलंय. होटगी रोड, विजापूर रोडला मोठ्या शोरूम झाल्यात. गिऱ्हाईक साडी हातात घेतं, मोबाईलवर तसलीच साडी दाखवतं आणि भाव पाडून मागतं.

घरमालकांना इमारत पाडून नवी बांधायची आहे. थोडी रक्कम घ्या आणि जागा सोडा म्हणतात. जुळे सोलापूरला, म्हणजे शहराच्या नव्या भागात, एक गाळा बघून ठेवलाय. भाडं महिना ४५,०००, डिपॉझिट आणि फर्निचर वेगळं. इथलं भाडं नाममात्र आहे. काय करावं? पेठेत टिकून असलेल्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. ‘ऑनलाइन सुरू करा’ एवढंच सांगून थांबू नका, त्याने काही कळत नाही.

हिशेबनीस
आधी कागद घेऊन बसा. कापडात सगळं जाऊन २५ टक्के सुटतात असं धरलं, तरी ४५,००० भाडं निघायला महिन्याला १,८०,००० ची जादा विक्री हवी. ही नुसती भाड्यापुरती. एसी, लाइट, एक जादा माणूस आणि फर्निचरच्या कर्जाचा हप्ता वेगळा. आज ज्या जागेत भाडं जवळपास नाहीच, ती सोडून हा बोजा घेताना नव्या जागी पहिल्या महिन्यापासून एवढं गिऱ्हाईक कुठून येणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

तुमचा पैसा मालात अडकलाय का तेही बघा. दोन दिवाळ्या जुना माल कपाटात असेल तर तो खरेदीभावात काढा. पडून राहिलेल्या साडीच्या घडीवर रेघ पडते, मग ती कोणीच घेत नाही.

आणखी दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्याला १८. तेव्हा रेडिमेडमध्ये २,५०० च्या आतला माल नीट भरा, पेठेचं गिऱ्हाईक तेच आहे. दुसरं, छोट्या कारखानदाराकडून माल उधार घेत असाल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत टळलेली बाकी वर्षअखेरीला उभी राहिली तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. २०२३-२४ पासूनचा नियम आहे, अजून कितीतरी व्यापाऱ्यांना माहीत नाही.

पूर्वभाग
मालक, पेठ बसली त्याला तुम्ही एकटे काय करणार? आमच्याकडे यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. आमचे वडील सांगायचे, गिरणीचा पगार झाला की त्या संध्याकाळी पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. जुनी मिल साठच्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. तो बांधलेला पगार गेला तो परत आलाच नाही. आता आमच्याकडचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या बाया जेवढं काम तेवढे पैसे या हिशेबाने जगतात. खिशात असेल तेव्हा खरेदी. अशा माणसाला शोरूममध्ये शिरायचीच भीती वाटते, तो तुमच्याकडेच येणार. त्याला तोडू नका. तीन हप्त्यांत साडी देणारा दुकानदार आमच्या भागात अजून नावाने ओळखला जातो.

जाईजुई
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते, राग मानू नका दादा.

मी मधला मारुती, चाटी गल्ली, नवी पेठ या भागातच लहानाची मोठी झाले आणि मला तिथेच खरेदी करायची असते. पण आईला घेऊन आले की तीन तासांनंतर एकच प्रश्न असतो, बाथरूमला कुठे जायचं. अख्ख्या पेठेत बाईमाणसाला जाता येईल अशी धड सोय नाही. शोरूममध्ये आहे. आम्ही भावासाठी तिकडे जात नाही, या कारणासाठी जातो. मुलीला ड्रेस घालून बघायचा तर गोडाऊनच्या दारावर पडदा लावून देतात, तिथे ती घालत नाही.

आणि गाड्या! दुकानांपुढे सकाळी दहापासून ज्या गाड्या उभ्या असतात त्यातल्या निम्म्या दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच असतात. मग गिऱ्हाइकाने लावायची कुठे?

तुमच्या ओळीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक स्वच्छ बाथरूम केलं, किल्ली एका दुकानात ठेवली आणि स्वतःच्या गाड्या लांब लावल्या, तर माझ्यासारख्या पुष्कळ जणी परत येतील. नक्की येतील.

पेठेतला
ताई, राग कसला. गाड्यांचं अगदी खरं आहे, माझीच दाराशी असते. उद्यापासून आत गल्लीत लावतो. बाथरूमचं आज शेजारच्या दोघांशी बोललो, एकाच्या मागच्या बोळात जागा आहे.

हिशेबनीस, जुना माल मोजायला घेतलाय. घरमालकांच्या बाबतीत कोणी सांगेल का? ते म्हणतात वडिलांनंतर तुमचा हक्कच राहत नाही.

ॲड_सोलापूर
तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी कुटुंबातला जो सदस्य त्या जागेत त्यांच्यासोबत धंदा करत असेल त्याच्याकडे भाडेकरूपण जातं. मात्र तुम्ही तिथे धंदा करता हे कागदावर दिसलं पाहिजे. जीएसटी नोंदणी, दुकानाची नोंद, बँक खातं, यात फक्त वडिलांचं नाव असेल तर सीएंना विचारून त्यांच्या हयातीतच भागीदार म्हणून या.

सगळ्यात महत्त्वाचं : ‘इकडे कुलूप लावू, तिकडे चालतंय का बघू’ असं करू नका. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर त्याच कारणावर घरमालक ताबा मागू शकतो. पेठेतल्या कितीतरी जागा अशाच गेल्यात. भाडं बँकेतून द्या. घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि पावती जपा. दर वर्षी ४ टक्के वाढ मागायचा त्यांना कायद्याने हक्क आहे, ती आनंदाने द्या, त्यावरून भांडण नको. इमारत पाडायचीच असेल तर नव्या इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, एवढी चौरस फूट जागा, हे नोंदणीकृत करारात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. तोंडी शब्दावर तर अजिबात नाही. आत्ताच जागेची मापं घेऊन फोटो काढून ठेवा.

हिंजवडीकर
मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. आमच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त इकडेच आहेत, आणि पेठेचं जे तरुण गिऱ्हाईक तुम्ही शोधताय ते शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून घरी येत असतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात परत राहायला येणं अवघड वाटतं, पण लग्न, बारसं, गड्ड्याची जत्रा यासाठी येतोच. आमच्यासाठी एक करा. साड्यांचे खरे फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेले, भावासकट व्हॉट्सॲपवर टाका. मी इथे बसून बायकोशी बोलून दोन ठरवतो, आई दुकानात येऊन हात लावून बघते आणि घेऊन जाते. माल खरा कसा आहे हे आई सांगते म्हणून विश्वास बसतो.

चादरीसुद्धा ठेवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर त्या नावाने भलताच माल खपतो. सोलापुरातून, ओळखीच्या दुकानातून आलेली चादर इकडे लोक मागून घेतात.

हिशेबनीस
एक जोडतो : जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने विक्रीवर ठराविक कमी दराने कर भरायची सोय) असाल तर महाराष्ट्राबाहेर माल विकता येत नाही. पुण्या-मुंबईला पाठवायला हरकत नाही, हैदराबाद-बेंगळुरूला पाठवायचं असेल तर आधी योजनेतून बाहेर पडावं लागेल.

बस्तावाले
आम्ही चाटी गल्लीत आहोत, तुमच्यासारखीच तिसरी पिढी. आम्ही कशावर टिकलो ते सांगतो : बस्ता.

सुटी गिऱ्हाइकं मोबाईलने नेली, बस्ता नेला नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर, पार इंडी-आळंदपर्यंतची माणसं अजून गाडी करून येतात. दोन्हीकडचे मिळून पंधरा-वीस जण. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, जावयाचा पोशाख, टोप्या-टॉवेल, सगळं एका बैठकीत बांधून न्यायचं असतं. आहेराच्या साड्यांवरून व्याही रुसतो ते सांभाळायला समोर माणूस लागतो. कोणत्या मावशीला काय द्यायचं हे ज्याला कळतं तो तुमचा जुना मामा आहे ना, त्याला जपा. पगार वाढवा त्याचा.

आम्ही वरचा मजला मोकळा करून स्वच्छ गादी घातली. पंखे, पिण्याचं पाणी, बाथरूम, मागे ब्लाउज शिवणारी बाई आणि फॉल-पिकोची मशीन. गाडी कुठे लावायची ते आधी फोनवर सांगतो, आमचा मुलगा कोपऱ्यावर उभा राहून घेऊन येतो. जेवणाची वेळ झाली तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागवतो. कन्नड आणि तेलुगू बोलणारा माणूस दुकानात हवाच. उरलेल्या साड्या पंधरा दिवसांत परत घेतो, हे बिलावर लिहून देतो. हे छापल्यापासून माणसं मोकळ्या हाताने घेतात.

माझं मत विचाराल तर जागा सोडू नका. जुळे सोलापूरला ज्यांना जायचं ते जाऊ द्या, पण खेड्यातला माणूस एसटी स्टँडवर उतरून आजही पेठच विचारतो.

पेठेतला
सगळ्यांचे आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला. गाळ्याला नाही म्हणून कळवलं आहे. भागीदारीचे कागद आणि जागेची मापं या आठवड्यात करतो. बस्तावाले काका, आमच्याकडे वरचा मजला नाही, मागे बारा बाय चौदाची खोली आहे, सध्या त्यात जुना माल आहे. तेवढ्यात पंधरा माणसांची बैठक बसेल का?

बस्तावाले
बसते. कपाटं भिंतीला उंच लावा, खाली गादी एकाच बाजूला नको, तिन्ही बाजूंनी घाला, म्हणजे मधे साड्या उलगडता येतात. नवरीकडचे आत आणि नवऱ्याकडचे दाराशी बसवा, त्यांना सारखं फोनवर बोलायला बाहेर जायचं असतं. तुळशीच्या लग्नाआधी तयार ठेवा.