मदत हवी आहे: दीड वर्ष झालं, तरी माझा कोड रिव्ह्यूतून परत येतो

अडकलोय_महापे
मंडळी, कळकळीने विचारतोय. नवी मुंबईत महापेला एका कंपनीत दीड वर्ष झालं. पाठवलेला प्रत्येक पीआर (तपासायला टाकलेला कोडमधला बदल) तीस-पस्तीस शेरे घेऊन परत येतो. मागच्या आठवड्यात एका बगवर दोन दिवस घातले, तो टीममधल्या दादाने दहा मिनिटांत सोडवला. कसा, ते विचारायचा धीर झाला नाही. तीन आठवड्यांनी अप्रेझल आहे. नक्की काय करू? "सराव कर" सोडून सांगा, तो चालूच आहे.

वाशीची_सई
भाषा कोणती? शेरे कसले? बग काय होता? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस.

रोज_एक_गणित
भाषा कुठलीही असू दे, रोज लीटकोडवर (प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांची साईट) एक प्रश्न सोडव. मी ठाणे ते तुर्भे प्रवासात मोबाईलवर वाचायचो आणि रात्री लिहायचो. आठ महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली.

जुना_जावावाला
तो झाला मुलाखतीचा अभ्यास. याची अडचण आहे त्या नोकरीतली आहे. ट्री उलटा करायचं कोडं सुटलं म्हणून दुसऱ्याने सात वर्षांपूर्वी लिहिलेल्या फाईलमध्ये सुरक्षितपणे एक ओळ बदलता येते असं नाही.

रोज_एक_गणित
काका, पाया कच्चा असेल तर फाईल तरी काय कळणार? अल्गोरिदमनेच विचार करायची सवय लागते.

जुना_जावावाला
सवय लागते, मान्य. पण एकवीस दिवसांत नाही.

खारेगावकर
महापेला घणसोलीहून जातोस की कोपरखैरण्याहून? ठाण्यात नऊ-दहा नंबर फलाटावरची ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी बघता घरी पोचल्यावर अभ्यासाला डोकं उरत नाही. कळव्याहून ऐरोलीला थेट गाडी मिळाली असती तर आमचे रोजचे हाल वाचले असते.

दिघेवासी
२०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा आमची तरी रिक्षा वाचली. कळवा-ऐरोली मार्गाचं काम मात्र लवकर व्हायलाच हवं.

वाशीची_सई
लोकलसाठी वेगळा धागा काढा ना. धागाकर्ते, कुठे आहात?

अडकलोय_महापे
सॉरी, प्रॉडक्शनच्या कॉलवर होतो. जावा, स्प्रिंग बूट. शेरे म्हणजे "नाव कळत नाही", "मेथड फार मोठी", "टेस्ट कुठे आहे?" असे.
बग असा: ग्राहकांच्या तक्रारींची यादी दोन ठिकाणांहून येते, त्यामुळे एकच तक्रार दोनदा दिसायची. म्हणून हॅशसेटमध्ये (सारखी गोष्ट एकदाच ठेवणारा संच) टाकल्या. तक्रार क्रमांक जुळला की ट्रू देणारं इक्वल्स (दोन गोष्टी सारख्या का ते ठरवणारी मेथड) लिहिलं. वेगळं चालवून पाहिलं तर बरोबर ट्रू येतं, तरी सेटमध्ये दोन तक्रारी. दादाने काहीतरी जोडलं आणि चाललं.

पायथन_ऐरोली
जावामध्ये अडकू नकोस. पायथन शीक आणि एआयकडे वळ. ऐरोलीतला वीकेंड क्लास हवा असेल तर सांगतो.

जुना_जावावाला
हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक आकडा काढणारी मेथड) लिहिला होतास का?

अडकलोय_महापे
नाही. इक्वल्स पुरतं ना?

जुना_जावावाला
इथेच घोळ आहे. सोसायटीच्या जिन्याखाली टपालपेट्या असतात ना, हॅशसेट तसा असतो. आधी हॅशकोड विचारून पेटी ठरते. त्याच हॅशकोडचं काही आत सापडलं तरच इक्वल्स विचारलं जातं. तू हॅशकोड न लिहिल्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा वेगळा आकडा मिळाला. तुझ्या इक्वल्सला कुणी हाक मारलीच नाही.
माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. जुना कोड परत आण, इक्वल्सच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (कोड इथे थांबव अशी खूण) लाव आणि डीबगरमध्ये चालव. तिथे थांबतो का ते सांग.

रोज_एक_गणित
रेकॉर्ड हा क्लासचा प्रकार वापर की! जावा १६ पासून आहे, इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही मेथड आपोआप मिळतात.

अडकलोय_महापे
आमच्याकडे जावा ८ आहे.

रोज_एक_गणित
हे आधी सांगायचं ना. मग लॉम्बॉक लाव, ती लायब्ररी या मेथड आपोआप तयार करते.

वाशीची_सई
आत्ता नको. आपोआप काय तयार होतं ते कळल्यावर लावू दे.

अडकलोय_महापे (दुसऱ्या दिवशी)
थांबलाच नाही! तीनदा चालवलं. दोन दिवस मी इक्वल्सच बदलत बसलो होतो आणि ते चालतच नव्हतं.
मग आयडीईकडून (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) हॅशकोड तयार करून घेतला, त्यात क्रमांक आणि स्थिती दोन्ही आले. तक्रारी एकेकच राहिल्या. पण पुढे नवी अडचण. तक्रार "बंद" केल्यावर सेटला ती आहे का विचारलं तर फॉल्स. पण यादी छापली तर दिसते.

जुना_जावावाला
उत्तर देत नाही. बंद करण्याआधी आणि नंतर तिचा हॅशकोड छापून बघ.

अडकलोय_महापे
छापला. आकडे वेगळे! स्थिती बदलली की हॅशकोड बदलतो, तक्रार मात्र जुन्याच पेटीत. स्थिती काढली, फक्त क्रमांक ठेवला. आता सापडते.

जुना_जावावाला
शाब्बास. इक्वल्समध्ये नाही ते हॅशकोडमध्ये घ्यायचं नाही. आणि तुझ्या दादाला आज विचार.

अडकलोय_महापे
चहाच्या वेळी विचारलं. त्यानेही पहिला ब्रेकपॉइंट इक्वल्समध्येच लावला होता. म्हणाला, "दुरुस्त करण्याआधी ती ओळ चालते का ते बघतो." वीस मिनिटं बसून दाखवलं, अजिबात चिडला नाही.
टेस्ट लिहून पीआर टाकला. या वेळी सात शेरे. एक कळला नाही: "कोड बिघडवला तरी ही टेस्ट पास होते." म्हणजे काय?

वाशीची_सई
हॅशकोडची मेथड पुसून टेस्ट चालव. लाल होते का, म्हणजे फेल होते का, सांग. आणि टेस्टमध्ये दोन वेगवेगळे ऑब्जेक्ट केलेस की एकच दोनदा टाकलास?

अडकलोय_महापे
एकच दोनदा टाकला. हिरवीच राहिली. थांबा, बदलतो.