व्रत घेणारी आजी आणि आज अंडं मागणारी आजी एकच का?

कन्ना चौक, सोलापूर (धागा सुरू करणारा)
आजीने आयुष्यभर विड्या वळल्या आणि श्रावणी सोमवार कधी मोडला नाही. आता तिला स्मृतिभ्रंश आहे. माझ्या वडिलांना ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. परवा सोमवारी तिने ताट सरकवलं आणि ‘कोडिगुड्डू’ मागितलं, म्हणजे अंडं. वडील म्हणाले, शुद्धीत असती तर तिनेच नको म्हटलं असतं. आत्या म्हणाली, भूक आजची आहे, द्या. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे.

मी वडिलांच्या बाजूचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये मांडलं की माझी जाणीव मागे जिथवर पोचते तिथवरच मी तो माणूस. हे मान्य केलं तर व्रत घेणारी बाई केव्हाच गेली, असं म्हणावं लागेल. मला ते साफ नामंजूर आहे. रात्री झोपेतसुद्धा ती पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून वळते, टोक दुमडते आणि दोरा गुंडाळावा तसं बोट फिरवते. हे हात कुणाचे? माणूस तोच असेल, तर त्याचं व्रतही त्याचंच.

सात रस्ता
लॉकवर अन्याय होतोय. ‘मनुष्यप्राणी’ आणि ‘व्यक्ती’ या त्याच्या लेखी दोन गोष्टी आहेत. शरीर तेच म्हणून मनुष्यप्राणी तोच, हे तोही मानतो. व्यक्ती कुठली, हा प्रश्न तो शिक्षा, दोष, जबाबदारी यांसाठी विचारतो. व्रत ही जबाबदारीच आहे ना? जिला ते घेतल्याचं आठवत नाही, तिच्यावर ते लादणं म्हणजे दुसऱ्याचं कर्ज हिच्याकडून वसूल करणं. अंडं द्या.

बाळीवेस
स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्येच यातली फट दाखवली. लहानपणी मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो, मग सेनापती. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला अधिकारी असताना केलेला पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाही. म्हणजे लॉकच्या हिशेबाने सेनापती तो अधिकारी आहे, अधिकारी तो मुलगा आहे, पण सेनापती तो मुलगा नाही! असं कसं चालेल?

आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, हे जास्त पक्कं बांधलंय. न्यायसूत्रांचा युक्तिवाद असा: जे डोळ्यांनी पाहिलं तेच हाताने शिवतोय, हे ओळखणारा डोळाही नव्हे, हातही नव्हे, दोन्हींच्या मागे एक जाणणारा हवा.

सात रस्ता
अहो, पण ‘तेच’ हे ओळखायला आठवण लागते की! आजींची ओळखच गेलीय. तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतो.

बाळीवेस
नाही उलटत. न्याय आणि वैशेषिक या जोडदर्शनांत जाणीव हा आत्म्याचा गुण आहे, आत्मा नव्हे, आणि हा गुण येतो-जातो. गाढ झोपेत तो नसतो. मोक्षातही आत्म्याला सुख, दुःख, ज्ञान काहीच उरत नाही, इथपर्यंत ते गेले. इतरांनी त्यांच्यावर टीका केली की असा मोक्ष म्हणजे दगडासारखं पडून राहणं. तरी ते मागे हटले नाहीत. आठवण गेली म्हणून माणूस गेला, या मताला इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

अक्कलकोट रोड
मी चादरीच्या कारखान्यात जॅकार्डचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाचं, काम करतो, म्हणून हे सुचलं. सूत रोज नवं चढतं, पण कार्डांना पाडलेली भोकं तीच, त्यामुळे नक्षी तीच येते. आजींचा स्वभाव, हातांची सवय ही ती नक्षी. आत आत्मा शोधायची गरज नाही, आठवणीचीही नाही.

सात रस्ता
तेच कार्डांचे संच दोन मागांवर लावा. दोन चादरी निघतील. मूळ कोणती? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने १९८४ मध्ये माणसाची हुबेहूब प्रत काढणारं यंत्र कल्पून हाच पेच टाकला. त्याचा निष्कर्ष असा की ‘तोच की दुसरा’ याला आपण देतो तेवढं महत्त्वच नाही.

बुधवार पेठ
पार्फिटच्या कितीतरी आधी बौद्ध भिक्खू नागसेनांनी ग्रीक राजा मिलिंदाला हे सांगितलंय. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही आणि वेगळीही नाही. आजींना हेच लागू होतं. बाळीवेसकरांना विचारतो, कायमचा आत्मा मानून नेमकं काय साधलं? बाबासाहेबांनी लिहिलंय की आत्म्यावरची श्रद्धा ही देवावरच्या श्रद्धेपेक्षा घातक, कारण ती जन्मापासून मरणापर्यंत माणसाला पुरोहिताच्या हाती देते. इथेही तेच घडतंय: न दिसणाऱ्या मालकिणीच्या नावावर समोरच्या बाईला उपाशी ठेवायचं. भूक दिसते, तेवढं पुरे.

कन्ना चौक
उपाशी कुणी ठेवलं नाही, दादा. साबुदाणा, केळी, दूध दिलं. आणि ज्योत वेगळीही नाही असं तुम्हीच म्हणता, मग आधीच्या ज्योतीचा शब्द पूर्ण बाद कसा? अमेरिकन कायदेतज्ज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किनने १९९३ मध्ये नेमक्या याच आजाराबद्दल लिहिलंय: माणसाने शुद्धीत आपलं आयुष्य ज्या मूल्यांवर उभं केलं, त्यांचा मान नंतरही ठेवावा.

होटगी रोड
मी अशा रुग्णांची सेवा करते. ड्वॉर्किनला रिबेका ड्रेसरने उत्तर दिलंय तेही वाचा: समोर जिवंत असलेल्या माणसाच्या आजच्या सुखदुःखाला कागदावरच्या जुन्या इच्छेखाली दाबू नका. मला तेच पटतं. तोंडापुढचा घास नाकारला की ही माणसं घाबरतात, कारण ‘का’ हे त्यांना समजावता येत नाही. माणूस तोच आहे हे मला मान्य आहे, आणि तरीही मी अंडं देईन. तोच माणूस आपलं मत बदलू शकत नाही का? आजी एकच की दोन, हे ठरलं म्हणून अंड्याचं उत्तर ठरत नाही.

बाळीवेस
ताई, हा मुद्दा मोठा आहे. आपल्याच गावची गोष्ट बघा. शून्यसंपादने या लिंगायत संतांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, येतात तेव्हा इथले सिद्धराम तळं खोदण्याच्या कामात गढलेले असतात. लोकोपयोगी काम, तरी अल्लम त्यांना कठोर बोलतात, कारण ‘मी केलं’ हे त्यात शिल्लक आहे. ते तळं आजही गावाच्या मधोमध आहे, म्हणजे काम खोटं नव्हतं. आजींचे सोमवार तसेच. ते झाले, ते खरे होते. एका अंड्याने पुसले जाणार नाहीत. आत्मा मानूनही मी आत्याबाईंच्या बाजूला येतो.

सात रस्ता
मग बहुतेक सगळे अंड्यावर एक झालो, पण प्रश्न तसाच राहिला. आजी ‘तीच’ असेल तर उद्या तिने घराच्या कागदावर अंगठा दिला तर चालेल का? १८७२ चा करार कायदा म्हणतो, करार करताना माणूस शुद्धीत हवा. कायदाही लॉकच्या बाजूला आहे.

कन्ना चौक
तोच कायदा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलालाही करार करू देत नाही. म्हणून अठराव्या वाढदिवसाला नवीन माणूस जन्मला, असं कोणतंही कोर्ट म्हणत नाही. मुलाच्या नावावरची जमीन त्याच्याच नावावर राहते. आजीच्या नावावरचं घरही शेवटपर्यंत तिचंच राहील. व्यक्ती गेली असं लॉकच्या आधाराने म्हणायचं असेल, तर ते घर आज कुणाचं, हे आधी सांगा.