मदत हवी आहे: चार लिटर पाणी पिऊनही वरचा सा चिरकतोय

पंचमी_ठाणे
शनिवारी सोसायटीत कोजागिरी. माझी दोन भावगीतं आणि एक नाट्यपद आहे. गेले काही दिवस वरच्या सा ला आवाज चिरकतोय, कधी नुसतीच हवा येते. घसा कोरडा पडतोय म्हणून रोज चार लिटर पाणी पितेय. गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर सगळं करून झालं. फरक शून्य. अजून किती पाणी प्यायचं? लवकर सांगा, आज मंगळवार आहे!

मंद्रसप्तक
पट्टी कुठली? 'काही दिवस' म्हणजे किती? गाताना दुखतं का? आणि हे चार लिटर पिता कधी?

पंचमी_ठाणे
काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी माझा सा. दुखत नाही. रियाजाला बसण्याआधी एक लिटर, बाकीचं आठवेल तसं. पट्टीचा प्रश्नच नाहीये, गेल्या वर्षी याच पट्टीत गायले होते.

ओवा_हिंग
ताई, पाण्याचं सोडा. ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी करायची आणि गळा शेकायचा. आमच्या सासूबाई भजनी मंडळात अजून खणखणीत गातात.

बोरूबहाद्दर
बाहेरून शेकलेलं आत स्वरतंतूंना कसं कळणार? सासूबाईंचा गळा मुळातच दणकट असेल.

ओवा_हिंग
करून बघायच्या आधीच नावं ठेवायची सवय काही जात नाही.

मंद्रसप्तक
एक लिटर ढोसून गायला बसलात तर पोट डुचमळणार, श्वास पुरणार नाही. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही हो. ते अन्ननलिकेतून जातं. चुकून एक थेंब तिकडे गेला तर ठसका लागतो तो त्यामुळेच. पोटातून रक्तात आणि तिथून घशाच्या अस्तरापर्यंत ओल पोचायला वेळ लागतो. म्हणून जागे असाल तेवढा वेळ घोट घोट प्या. काळी चारचा वरचा सा म्हणजे स्वरतंतू सेकंदाला साधारण ४१५ वेळा एकमेकांवर आदळणार. तिथे ओल कमी पडली की आधी वरचेच सूर फाटतात. थेट ओलावा हवा असेल तर वाफ. साध्या पाण्याची, त्यात बाम नको.

टेंभीनाका_जुना
मूळ दोष ठाण्याच्या पाण्याचा. घोडबंदरला राहत असाल तर टँकरचंच असणार.

वाशीकर
या मग नवी मुंबईत. मोरबे धरण आहे आमचं, महापालिकेचं स्वतःचं!

टेंभीनाका_जुना
धरण आहे म्हणून गळा सुधारतो होय? नाटक बघायला गडकरीलाच येता ना?

वाशीकर
विष्णुदास भावे नाट्यगृह वाशीतच आहे. माहितीसाठी.

बोरूबहाद्दर
अवांतर पुरे. पंचमीताई, नोकरी कसली? काही गोळ्या चालू आहेत का?

पंचमी_ठाणे
ऐरोलीला ऑफिस, रात्रपाळी. अमेरिकेतल्या ग्राहकांशी आठ तास हेडसेटवर बोलायचं. एसी इतका की शाल घेऊन बसते. पहाटे घरी येऊन जेवते आणि सेटिरिझिन घेऊन झोपते, धुळीची सर्दी आहे म्हणून. गोळीला महिना झाला, आवाजालाही तेवढाच. पण याचा गाण्याशी काय संबंध?

मंद्रसप्तक
अहो हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! सर्दीची गोळी नाक सुकवते, तसा घसाही सुकवते. त्यात एसी, त्यात आठ तास बडबड. वरून जेवून लगेच आडवं होणं, म्हणजे पोटातलं आम्ल वर घशाशी. उठल्यावर आवाज जड असतो का?

पंचमी_ठाणे
हो! दुपारी उठले की पुरुषासारखा येतो. मग गोळी आजपासून बंद करू का?

मंद्रसप्तक
ते डॉक्टर सांगतील. महिनाभर आवाज बिघडलाय, तेव्हा कान-नाक-घसावाल्यांना दुर्बिणीने स्वरयंत्र बघू दे. तोवर कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण येतो. सारखं खाकरू नका. शनिवारी काळी तीन घ्या, सगळे सूर थोडे खाली येतील.

पंचमी_ठाणे
पेटीवाल्या काकांची तालीम काळी चारची झालीय :(

बोरूबहाद्दर
त्यांना फक्त बोटं सरकवायची आहेत.

ओवा_हिंग
गाण्याआधी मसाला दूध नको हं. कफ होतो.

बोरूबहाद्दर
दुधाने कफ वाढत नाही. घशात दाट वाटतं इतकंच.

ओवा_हिंग
दाट वाटतं म्हणजेच कफ.

वाशीकर
बाय द वे, १८० माणसांना दूध किती लिटर लागेल? आमचीही कोजागिरी शनिवारीच आहे.

पंचमी_ठाणे
डॉक्टरांची उद्या दुपारची वेळ मिळाली. बाटली हेडसेटशेजारी ठेवलीय, कॉल संपला की दोन घोट. काकांना पट्टीचं सांगितलं, ते रुसलेत. दुधाचं मला नाही माहीत, तुमच्या सेक्रेटरींना विचारा.