इंदुरात गरजूंसाठी सामूहिक भाजीबाग: काळ्या मातीत सुरुवात कशी करावी?

प्रश्न: वसाहतीच्या मोकळ्या भूखंडावर भाजी पिकवून ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राला द्यावी, असा आमचा विचार आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर उपाय काय?

उत्तर १: वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत, म्हणजे निचरा होतो, आणि उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. खतासाठी ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात विकसित केलेली ‘इंदूर पद्धत’ वापरावी: काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून ढीग ओलसर ठेवतात, अधूनमधून उलथतात आणि साधारण तीन महिन्यांत खत मिळते. (स्वच्छतेच्या पुरस्कारांपूर्वीच इंदूरचे नाव जगभर खतामुळे पोहोचले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.)

उत्तर २: पेरणीपूर्वी अन्नछत्राच्या स्वयंपाक्यांना जरूर विचारावे. मेथी-पालक महिन्याभरात निघतात खरे, पण निवडायला माणसे लागतात आणि शिजल्यावर भाजी मूठभर उरते. शेकडो जेवणाऱ्यांसाठी दुधी, लाल भोपळा, वांगी बरी. जागामालकाची परवानगी मात्र लेखी घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पालेभाजीचा एकच वाफा ठेवू. ती निवडून देण्यास आमचे भगिनी मंडळ तयार आहे.